ई-मायग्रेट पोर्टल: परदेशी नोकरीचा एजंट खरा की खोटा, हे किती कळते?

कुवेतला ड्रायव्हर, सौदीला प्लंबर, दुबईला हेल्पर म्हणून निघालेल्या माणसासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट पोर्टल ही आज हाताशी असलेली सगळ्यात कामाची सरकारी सोय आहे. पण बँकॉकला ‘डेटा एन्ट्री’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’साठी निघालेला पदवीधर या सोयीच्या नजरेतच येत नाही. गेल्या काही वर्षांत म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमध्ये सायबर ठगांच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे माणसे कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेणाऱ्या वसाहतींत, जी मुले अडकली, त्यांतली बहुतेक या दुसऱ्या गटातली. म्हणून हे पोर्टल वापरताना त्याचा हात कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

मानवी तस्करी म्हटले की आपल्याला कुंटणखाना आठवतो, नाहीतर पळवलेली मुले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2022 च्या अंदाजानुसार जगात 4 कोटी 96 लाख लोक आधुनिक गुलामीत होते, आणि त्यातले 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत. यातले कितीतरी जण स्वतःच्या पायांनी, हातात तिकीट घेऊन, घरच्यांचा निरोप घेऊन गेलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या करारात तस्करी ओळखायच्या तीन खुणा दिल्या आहेत: माणसाची भरती किंवा ने-आण, त्यासाठी वापरलेली फसवणूक, धाक किंवा लाचारीचा फायदा, आणि शेवटी पिळवणुकीचा हेतू. ई-मायग्रेट यातल्या मधल्या खुणेवर, म्हणजे निघण्याआधीच्या फसवणुकीवर काम करते. एकदा माणूस कंपाउंडमध्ये गेला की पोर्टलचा उपयोग संपतो आणि दूतावास, पोलीस, वकील सुरू होतात.

एजंट तपासणे

1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार (उत्प्रवासन म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जाणे) परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या प्रत्येकाकडे केंद्र सरकारचा परवाना हवा. देश कुठलाही असो, आखात असो की युरोप. ‘आम्ही फक्त कन्सल्टन्सी करतो’, ‘आम्ही व्हिसाचेच काम बघतो’ ही उत्तरे म्हणजे परवाना नाही याची कबुली समजावी.

पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी सगळ्यांना खुली आहे, लॉग-इन लागत नाही. शोधताना नावाने शोधू नका, परवाना क्रमांकाने शोधा. एकसारख्या नावांच्या एजन्सी ढिगाने आहेत, आणि ‘इंटरनॅशनल’, ‘ओव्हरसीज’, ‘एंटरप्रायझेस’ हे शब्द उलटसुलट जोडून नवी पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. परवाना क्रमांक जाहिरातीत आणि ऑफिसच्या भिंतीवर ठळक लावणे एजंटाला बंधनकारक आहे. जाहिरातीत तो नसेल तर पुढे बघायची गरजच नाही.

क्रमांक सापडला की तीन गोष्टी जुळवा. पहिली, परवान्याची स्थिती: चालू, मुदत संपलेला, निलंबित की रद्द. दुसरी, पत्ता. कार्डावर अंधेरीचा गाळा आणि पोर्टलवर भलत्याच शहरातला पत्ता असेल तर तुमच्यासमोर बसलेला माणूस दुसऱ्याचा परवाना वापरतो आहे. शाखा उघडायची तरी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. तिसरी, फोन. पोर्टलवर जो नंबर आहे त्यावरच फोन करा आणि अमुक नावाचा माणूस तुमच्याकडे काम करतो का, अमुक देशासाठी तुमच्याकडे डिमांड, म्हणजे मालकाची कामगारांची मागणी, आहे का, हे विचारा. कार्डावरच्या नंबरवर फोन केलात तर उत्तर देणारा तोच भामटा असतो. लोक चुकतात ते नेमके इथेच: क्रमांक खरा निघाला की सुटकेचा श्वास सोडतात, तो क्रमांक कोणाचा हे बघत नाहीत.

गावात येऊन पासपोर्ट गोळा करणारा सब-एजंट कायद्यात कुठेच बसत नाही. तो परवानाधारकाचा माणूस म्हणवतो, पैसे रोख घेतो, आणि प्रकरण अंगाशी आले की परवानाधारक म्हणतो, ‘आम्ही याला ओळखत नाही.’ रत्नागिरी-रायगडमधून आणि गोव्यातून आखातात जायची रीत पिढ्यांची आहे. तिथे हा सब-एजंट बहुधा नात्यातला किंवा वाडीतलाच असतो, त्यामुळे त्याच्याकडे पावती मागायचा संकोच वाटतो. तो संकोच सोडायलाच हवा.

परवान्याला एवढे महत्त्व का, तर त्यामागे पैसा अडकलेला असतो. मोठ्या एजंटाला 50 लाखांची बँक हमी सरकारकडे ठेवावी लागते, 100 पर्यंत कामगार पाठवणाऱ्या छोट्या एजंटाला 8 लाखांची. मालकाने हात वर केले आणि माणसाला परत आणायची वेळ आली, तर या हमीतून खर्च वसूल करता येतो. बिनपरवाना एजंटाकडून वसूल करण्यासारखे काहीच नसते, गाळासुद्धा भाड्याचा. पोर्टलवर बिनपरवाना एजंटांचीही यादी आहे आणि तीत 3 हजारांहून जास्त नावे आहेत. ती चाळून बघा, पण नाव तिथे नाही म्हणजे एजंट चांगला, असा अर्थ काढू नका. कोणीतरी तक्रार केल्याशिवाय त्या यादीत नाव चढत नाही.

परदेशातला मालकही तपासता येतो. ज्या मालकांबद्दल तक्रारी आहेत त्यांची नावे ‘पूर्वपरवानगी गटा’त टाकलेली असतात, तिथे भारतीय दूतावासाची वेगळी मंजुरी मिळाल्याशिवाय भरती होत नाही. हा भाग फार कमी लोक उघडून बघतात.

क्लिअरन्स म्हणजे काय मिळते

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) अशी नोंद असते. असा पासपोर्टधारक ठरावीक 18 देशांत नोकरीला जात असेल तर त्याला उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी, म्हणजेच क्लिअरन्स, लागते. यात आखातातले सहाही देश, इराक, जॉर्डन, लेबनॉन, येमेन, लिबिया, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड वगैरे येतात. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. (एक जाता जाता: पदवीधराच्या पासपोर्टवरही कधीकधी ईसीआर छापलेले असते, कारण अर्जासोबत दहावीचे प्रमाणपत्र जोडलेलेच नसते. प्रमाणपत्र देऊन नवा पासपोर्ट घेतला की ती नोंद जाते.)

क्रम असा असतो. परदेशी मालक पोर्टलवर नोंदणी करतो, तिथला भारतीय दूतावास त्याची कागदपत्रे पाहतो, मालक डिमांड टाकतो, एजंटाची निवड होते, कामगारांची नावे चढतात, विमा निघतो, 200 रुपये शुल्क भरले जाते आणि मग क्लिअरन्स मिळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पोर्टलची दुसरी आवृत्ती आणि मोबाइल अॅप आले, डिजिलॉकर जोडले गेले, गावच्या सेवा केंद्रातूनही अर्ज भरता येऊ लागला. ही सुधारणा खरी आहे. पूर्वी अर्जासाठीसुद्धा एजंटाचेच तोंड बघावे लागे.

या सगळ्यात सर्वात मोलाचा कागद म्हणजे पोर्टलवर चढलेला करार. विमानतळावर किंवा तिथे उतरल्यावर दुसरा करार पुढे करायचा, तो अरबीत, पगार कमी, काम वेगळे, ही जुनी चाल आहे. प्लंबर म्हणून गेलेला माणूस वाळवंटात मेंढ्या राखताना सापडतो तो असाच. दूतावासात भांडायचे तर पोर्टलवरचा करार हाच पुरावा. निघण्याआधी त्याची छापील प्रत घ्या, फोटो घरच्यांना पाठवा, आणि त्यात एवढे वाचा: मूळ पगार किती आणि भत्त्यांसह किती, कामाचे तास आणि ओव्हरटाइम, जेवण मालकाचे की स्वतःचे, इकामा किंवा बताका (तिथला राहण्याचा परवाना किंवा ओळखपत्र) कोण काढणार, परतीचे तिकीट कोणाचे. ‘1,500 दिरहॅम’ असे तोंडी सांगतात आणि करारात मूळ पगार 800 असतो. उरलेले ‘ओव्हरटाइमसह’ धरलेले असतात.

क्लिअरन्ससोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते. हप्ता 2 वर्षांना 275 रुपये, 3 वर्षांना 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचे संरक्षण. इतक्या थोड्या पैशांत इतका मोठा आधार दुसरीकडे मिळत नाही. पॉलिसीचा कागद मात्र एजंटाच्या फायलीत राहतो आणि घरच्यांना विमा आहे हेच माहीत नसते. तो कागद घरी ठेवा, वारसाचे नाव नीट चढले आहे का ते बघा.

सेवाशुल्काचा हिशेब

एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे 35,400. पावती देणे बंधनकारक. बाजारात याच्या कित्येक पट मागितले जाते, आणि आधुनिक गुलामीची खरी गाठ इथेच बसते.

हिशेब मांडून बघा. समजा दीड लाख रुपये महिना 3 टक्के व्याजाने घेतले. पहिल्या महिन्याचे व्याजच 4,500. तिथे गेल्यावर 1,500 ऐवजी 1,000 दिरहॅम हातात पडले, खाण्यावर 350 गेले, 650 उरले, म्हणजे 23 रुपयांच्या दराने साधारण 15 हजार. हे सगळे सावकाराला दिले, घरी एक पैसाही ठेवला नाही, तरी कर्ज फिटायला साधारण 12 महिने लागतात. कबूल केलेले 1,500 मिळाले असते तर साधारण सव्वासहा महिन्यांत फिटले असते. आणि फक्त कायदेशीर 35,400 च दिले असते तर त्या 1,000 दिरहॅमवरही अडीच महिन्यांत मोकळा. त्या 12 महिन्यांत मालक मारो, पगार अडवो, पासपोर्ट काढून घेवो, माणूस काम सोडत नाही, कारण परत आला तर दारात सावकार उभा. साखळी लागतच नाही.

पैसे बँकेतून द्या. एजंट रोखीवर अडून बसला तर तेच उत्तर समजा. ‘फ्री व्हिसा’ किंवा ‘आझाद व्हिसा’ नावाची वस्तू विकत घेऊ नका; असा व्हिसा कुठल्याच देशात नसतो. त्यात कागदावर एक कफील (व्हिसा काढून देणारा तिथला मालक) असतो, काम दुसरीकडे करावे लागते, आणि कफीलने पळून गेल्याची तक्रार टाकली, सौदीत ज्याला हुरूब म्हणतात, की माणूस बेकायदा ठरतो. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात द्यायची तर गरजच नाही; भारतीय पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो.

पोर्टल जिथे आंधळे आहे

पहिले भोक म्हणजे व्हिजिट व्हिसा. ईसीआर पासपोर्टधारक फिरायला जात असेल तर क्लिअरन्स लागत नाही. म्हणून एजंट म्हणतो, ‘व्हिजिटवर जा, तिथे कन्व्हर्ट करून देतो.’ एकदा असे गेलात की पोर्टलवर तुमचा करार नाही, विमा नाही, मालकाचे नाव नाही. दूतावासात तक्रार गेली तरी ती नोंद शून्यापासून सुरू होते.

याचा फटका बायकांना जास्त बसतो. ईसीआर पासपोर्ट असलेल्या 30 वर्षांखालील स्त्रीला या 18 देशांत नोकरीसाठी क्लिअरन्स देत नाहीत, आणि घरकामासाठीची भरती 2016 पासून फक्त सरकारी संस्थांमार्फत व्हायला हवी. नियमामागचा हेतू चांगला आहे. पण घर चालवायची गरज नियमाने थांबत नाही. या बायका दुबईच्या व्हिजिट व्हिसावर जातात आणि तिथून ओमानसारख्या देशात घरकामाला पोचवल्या जातात. बंद घरात, रजा नाही, फोन मालकिणीकडे. बंदीमुळे त्या सुरक्षित झाल्या असे आम्हाला वाटत नाही. त्या फक्त नोंदीबाहेर गेल्या. 30 वर्षांची अट काढून त्या जागी किमान पगार, आठवड्याची सुट्टी आणि दूतावासाशी दर महिन्याला संपर्क एवढी अट घातली, तर त्यांचे भले होईल.

दुसरे भोक त्याहून मोठे. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर नाही त्याला क्लिअरन्स लागतच नाही, आणि म्यानमार, कंबोडिया, लाओस हे देश 18 च्या यादीत नाहीत. 1983 चा कायदा अशिक्षित मजूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. आज सायबर ठगांच्या कंपाउंडला हवा आहे इंग्रजी बोलणारा, टायपिंग येणारा, कर्जात असलेला पदवीधर. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख लोक अशा सक्तीच्या कामात असल्याचा अंदाज दिला. मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातून सुटलेल्या 549 भारतीयांना दोन विमानांनी परत आणले गेले.

या जाहिराती एका साच्यातल्या असतात: बँकॉक, कस्टमर सपोर्ट, पगार हजार डॉलर, राहणे-जेवण फुकट, तिकीट कंपनीचे, मुलाखत टेलिग्रामवर, तीन दिवसांत निघायचे. इथे एकच प्रश्न पुरतो: निघण्याआधी पासपोर्टवर थायलंडचा नोकरीचा, म्हणजे नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागणार का? खरी कंपनी हो म्हणते आणि कागद मागते, त्याला वेळ लागतो. 2023 च्या अखेरीपासून भारतीयांना पर्यटनासाठी थायलंडला व्हिसाशिवाय जाता येते. भामट्याला तेवढेच पुरते.

विमानतळावर गाडी घ्यायला येते. सुवर्णभूमी विमानतळ ते बँकॉक शहर साधारण 30 किलोमीटर, तासाभराचा रस्ता. दोन तास झाले आणि गाडी हायवेलाच असेल तर तुम्ही बँकॉकला चाललेला नाही, माए सोतला चाललाय. ते जवळपास 500 किलोमीटर वायव्येला आहे. तिथे मोई नावाची छोटी नदी आहे, पलीकडे म्यावाडी. नदी ओलांडली की थायलंडच्या पोलिसांचा हात पोचत नाही, आणि तुम्ही बेकायदा सीमा ओलांडणारे ठरता. म्हणून काय करायचे ते नदीच्या अलीकडे: नकाशा उघडा ठेवा, घरी लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, पेट्रोल पंपावर गाडी थांबली की माणसांच्या गर्दीत उतरा आणि 191 वर पोलिसांना किंवा 1155 वर पर्यटक पोलिसांना फोन करा. फोन काढून घेतील म्हणून दूतावासाचा नंबर कागदावर लिहून बुटात ठेवा.

ई-मायग्रेटने हे भोक बुजवायला अवघड काही नाही. ईसीआर नसलेल्यांसाठी स्वेच्छेने नोंदणीची सोय आहेच. पण ती कोणाला ठाऊक नाही, आणि त्यातून माणसाला काही मिळते असेही कोणी सांगत नाही. नोकरीच्या नावाखाली निघालेल्याला विमानतळावर ‘एजंटाचा परवाना क्रमांक काय’ एवढे जरी विचारले, तरी कित्येक जण तिथूनच घरी परततील.

अडकल्यावर

1800 11 3090 ही मंत्रालयाची टोल-फ्री हेल्पलाइन. माहितीसाठी चांगली, तातडीच्या सुटकेसाठी तिच्यावर विसंबू नका. मंत्रालयाच्या मदद या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली की क्रमांक मिळतो आणि ती त्या देशातल्या दूतावासाकडे जाते. तक्रारीत पासपोर्ट क्रमांक, शेवटचे लोकेशन, मालकाचे किंवा इमारतीचे नाव आणि मुलाचा चालू असलेला कुठलाही संपर्क हवा. ‘माझा भाऊ म्यानमारमध्ये अडकलाय’ एवढ्यावर शोध लागत नाही. खंडणीचे पैसे भरायची घाई करू नका. पैसे घेऊन माणूस दुसऱ्या कंपाउंडला विकण्याचे प्रकार झाले आहेत, आणि मग पुढचा आकडा वाढतो.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा फक्त फसवणुकीचा गुन्हा नोंदवतात. मग एजंट थोडे पैसे परत करतो, तडजोड होते आणि तो पुढच्या तालुक्यात पाटी लावतो. दोन कायद्यांची कलमे आग्रहाने मागा. एक, भारतीय न्याय संहितेचे कलम 143, मानवी तस्करी: किमान 7 वर्षे सक्तमजुरी. ‘तुमचा मुलगा स्वतःहून गेला’ असे सांगतील. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की बळी पडलेल्याची संमती विचारात घ्यायची नाही. दुसरे, उत्प्रवासन कायद्याचे कलम 10 आणि 24, बिनपरवाना भरती. इथे शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड फार तर 2 हजार रुपये. 1983 पासून हा आकडा बदललेला नाही, आणि दीड लाख घेणाऱ्याला तो काहीच नाही. म्हणून फक्त याच कायद्याखाली गुन्हा नोंदवून घेऊ नका, 143 सोबत हवे.

आणखी एक अडचण ठाण्यात सांगितली जाते: या कायद्याखाली खटल्याला केंद्र सरकारची मंजुरी लागते. कलम 27 मध्ये तसे आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की तक्रार स्वतः त्या उत्प्रवाशाने, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, भाऊ, बहीण अशा जवळच्या नातेवाइकाने दिली असेल, तर मंजुरी लागत नाही. कलमाची छापील प्रत सोबत न्या, तक्रार शेजाऱ्याच्या किंवा सरपंचाच्या नावाने न देता आईच्या किंवा भावाच्या नावाने द्या, आणि पोचेच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घेऊनच बाहेर पडा. मददवर आणि दूतावासाच्या ईमेलला हीच प्रत जोडायची आहे.